सेंट झेवियर्स कॉलेज : दीडशे वर्षांचं कॅथलिक विद्यालय आणि भिवंडीतली आपली मुलं

दहावी-बारावीचे निकाल लागले की भिवंडीतल्या शाळांत पालकांची गर्दी होते. लूमवर काम करणारे, मालक, दुकानदार, रिक्षावाले, सगळेच येतात. त्यात दरवर्षी दोन-चार पालक हळूच विचारतात, "पोरीला नव्वदच्या वर मार्क आहेत. मुंबईला झेवियर्सचा फॉर्म भरू का? पण ते तर पादऱ्यांचं कॉलेज आहे ना? आणि आपल्याला अल्पसंख्याक कोट्यातून मिळेल का?"

प्रश्न साधे आहेत, पण त्यांची नीट उत्तरं कोणी देत नाही. एक म्हणतो, "तिथे फक्त श्रीमंतांची मुलं असतात." दुसरा म्हणतो, "तिथे मूल बिघडतं." या ऐकीव गोष्टींवर विसंबून एखाद्या मुलीचं अख्खं आयुष्य ठरतं. म्हणून हे कॉलेज कुठून आलं, तिथे काय शिकवतात, कोण शिकतं आणि आपल्या मुलांसाठी दरवाजा कुठून उघडतो, हे एकदा सविस्तर पाहू.

जेझुइट म्हणजे कोण?

कॅथलिक पंथात धर्मगुरूंचे अनेक संघ आहेत. त्यातला एक 'येशूसंघ', म्हणजेच जेझुइट. स्पेनच्या इग्नेशियस लोयोला यांनी तो स्थापन केला आणि १५४० मध्ये पोपनी त्याला मान्यता दिली. त्यांचेच सोबती फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. कॉलेजला नाव आहे ते त्यांचं.

आपल्या इतिहासातही हे लोक भेटतात. बादशहा अकबरने गोव्याहून जेझुइट पाद्री बोलावले आणि १५८० मध्ये ते फतेहपूर सिक्रीला पोहोचले. तिथे त्यांच्या आणि उलेमांच्या चर्चा झडल्या. त्याच काळात थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात राहून मराठी शिकला आणि त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. ज्या मुलखात जायचं तिथली भाषा शिकायची आणि शाळा काढायची, ही त्यांची जुनी रीत. अमेरिकेतलं जॉर्जटाउन विद्यापीठही १७८९ मध्ये याच परंपरेतून सुरू झालं.

धर्मप्रचार हा त्यांच्या कामाचा भाग होता, हे लपवायचं कारण नाही. पण त्यांच्या कॉलेजांमधून सगळ्या धर्मांची मुलं शिकून बाहेर पडली, हेही तितकंच खरं.

दोन पदवीधरांपासून सुरुवात

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये सुरू झालं. त्यानंतर बारा वर्षांनी, जानेवारी १८६९ मध्ये, जर्मन जेझुइटांनी सेंट झेवियर्स कॉलेज काढलं. सुरुवातीला मुख्य भर भाषा आणि साहित्यावर होता. १८७१ मध्ये कॉलेजातून बी.ए. झाले फक्त दोन विद्यार्थी. शतक संपता संपता ही संख्या सत्तरच्या आसपास गेली. म्हणजे दोनाचे सत्तर व्हायला जवळपास तीस वर्षं लागली. आपल्याकडे संस्था काढून पाच वर्षांत निकाल मागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन पाद्रींना शत्रुराष्ट्राचे म्हणून कामावरून दूर केलं. कॉलेज मोठ्या अडचणीत आलं. पुढे १९२० च्या दशकात स्पेनच्या जेझुइटांनी मुंबईची जबाबदारी घेतली. विज्ञान शाखा वाढली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. माणसं बदलली, देश बदलले, पण संस्था बंद पडली नाही.

या काळातली दोन नावं सांगण्यासारखी आहेत. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. ते कॉलेजचे प्राचार्यही होते. पश्चिम भारतातल्या झाडाझुडपांचे वाळवलेले नमुने जमवून त्यांनी जो संग्रह सुरू केला, तो आज 'ब्लॅटर हर्बेरियम' नावाने कॉलेजातच आहे. एखादं झुडूप नेमकं कोणतं हे ठरवायला आजही संशोधक तिथे जातात. दुसरे फादर हेन्री हेरास, स्पॅनिश इतिहासकार. १९२२ मध्ये ते मुंबईला आले आणि १९२६ मध्ये त्यांनी भारतीय इतिहासाची संशोधन संस्था सुरू केली. सिंधू संस्कृतीची लिपी वाचायच्या प्रयत्नात त्यांनी आयुष्याची बरीच वर्षं घातली. १९५५ मध्ये ते वारले. आज ती संस्था 'हेरास इन्स्टिट्यूट' म्हणून ओळखली जाते. तिथे पुस्तकांबरोबर जुन्या मूर्ती आणि नाणीही जपलेली आहेत.

हे विद्यापीठ आहे की कॉलेज?

इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. कोलकात्याला सेंट झेवियर्स नावाचं वेगळं विद्यापीठ आहे. मुंबईचं झेवियर्स हे मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आहे, पण २०१० पासून ते स्वायत्त आहे. स्वायत्त म्हणजे अभ्यासक्रम कॉलेज स्वतः ठरवतं, परीक्षा स्वतः घेतं, पेपर स्वतः तपासतं. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच मिळते.

याचा विद्यार्थ्याला फायदा असा की अभ्यासक्रम लवकर सुधारता येतो. पण वर्षभर चाचण्या, प्रकल्प, सादरीकरण चालू असतं. शेवटच्या महिन्यात गाइड वाचून पास व्हायची सवय तिथे उपयोगाची नाही.

अकरावी-बारावीला कला आणि विज्ञान शाखा आहेत. पुढे पदवीला अर्थशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास, प्राचीन भारतीय संस्कृती असे विषय आहेत. विज्ञानात भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायन वगैरे आहेत. शिवाय व्यवस्थापन, जनसंवाद, माहिती तंत्रज्ञान हे अभ्यासक्रमही चालतात. आपल्याकडे 'आर्ट्स' म्हणजे नापासांची शाखा समजतात. झेवियर्समध्ये अकरावी कलेची कट-ऑफ गेली कित्येक वर्षं नव्वद टक्क्यांच्या वर राहिली आहे. हे एवढं कळलं तरी अनेक घरांत मुलीच्या आवडीच्या विषयाला मान मिळेल.

तिथे शिकतं कोण?

नाव कॅथलिक असलं तरी वर्गात सगळ्या धर्मांची, सगळ्या प्रांतांची मुलं असतात. २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी कॉलेजात खास केंद्र आहे. संगणकावर बोलणारी पुस्तकं, ब्रेल, परीक्षेची सोय अशी कामं तिथे होतात. विद्यार्थ्यांनीच चालवलेला 'मल्हार' हा महोत्सव १९७९ पासून भरतो आणि मुंबईभरच्या कॉलेजांची मुलं त्याला येतात. समाजात जाऊन काम करणं हाही तिथल्या शिक्षणाचा भाग आहे.

आपल्या समाजातली मोठी नावंही या कॉलेजाशी जोडलेली आहेत. तबलानवाज उस्ताद झाकीर हुसेन इथेच शिकले. अभिनेते फारूक शेख आणि शबाना आझमी इथल्या नाटकांतून पुढे आले. जगभर नाव कमावलेले चित्रपट निर्माते इस्माईल मर्चंट इथलेच. उर्दू-फारसीचे अभ्यासक डॉ. निजामुद्दीन गोरेकर इथे शिकवत. म्हणजे पाद्रींच्या या कॉलेजात उर्दू आणि फारसीलाही जागा होती.

'तिथे धर्म बदलतात का?'

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून उत्तर स्पष्ट देते. भारतीय राज्यघटनेचं कलम २८ (३) सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकांच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. कॉलेजात चॅपल आहे. ख्रिस्ती मुलं तिथे जातात, ते त्यांच्यासाठी आहे. आपल्या मुलांना नमाजसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ईमान टिकतं ते घरच्या तरबियतीवर. ती पक्की असेल तर इमारतीवरच्या क्रॉसला घाबरायचं कारण नाही.

कोट्याचं गणित नीट समजून घ्या

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. घटनेचं कलम ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढायचा व चालवायचा हक्क देतं. झेवियर्स ही ख्रिस्ती अल्पसंख्याक संस्था आहे. त्यामुळे तिथला अल्पसंख्याक कोटा ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी असतो, मुस्लिमांसाठी नाही. १९९२ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अनुदानित अल्पसंख्याक संस्था आपल्या समाजासाठी पन्नास टक्क्यांपर्यंत जागा ठेवू शकते. बाकीच्या जागा गुणवत्तेवर भरायच्या. आपल्या मुलांची स्पर्धा या बाकीच्या जागांसाठी आहे.

दुसरी गोष्ट. भिवंडीत मोमीन-अन्सारी घरांत ओबीसीचा दाखला असतो. पण घटनेच्या कलम १५ (५) मधून अल्पसंख्याक संस्थांना वगळलेलं आहे, म्हणून तिथे मागासवर्गीय आरक्षण इतर कॉलेजांसारखं लागू होत नाही. दाखल्याच्या भरवशावर राहून इतर कॉलेजांचे पर्याय सोडू नका. हाच नियम आपल्या बाजूनेही चालतो. मुस्लिम संस्थांच्या कॉलेजांत अल्पसंख्याक कोटा आपल्या मुलांना मिळतो.

आता व्यवहाराच्या गोष्टी:

- अकरावीचा प्रवेश सरकारच्या केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. पदवीसाठी कॉलेज आणि विद्यापीठाच्या सूचना वेगळ्या असतात. काही अभ्यासक्रमांना प्रवेश परीक्षा लागते. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.
- बी.ए., बी.एस्सी.चे अनुदानित वर्ग स्वस्त असतात. व्यवस्थापन, जनसंवाद, माहिती तंत्रज्ञान हे विनाअनुदानित असल्याने फी बरीच जास्त असते. 'झेवियर्स महाग आहे' असं सरसकट म्हणू नये.
- शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर वेळेत अर्ज करा. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे चौकशी करा. आधार, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खात्यावरचं नाव एकसारखं असू द्या. स्पेलिंगच्या फरकामुळे अर्ज अडकतात.
- भिवंडीहून ठाणे किंवा कल्याण, तिथून लोकलने सीएसएमटी, मग महापालिका मार्गाने चालत. एका बाजूचे दोन तास धरा. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. विद्यार्थी पास मिळतो, पण थकवा येतो तो मुलालाच.
- उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिलं वर्ष इंग्रजीमुळे जड जातं. हुशारी कमी म्हणून नव्हे, शब्द ओळखीचे नसतात म्हणून. निकालानंतरच्या सुट्टीत रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र वाचायची सवय लावली तर पुष्कळ फरक पडतो.

आणि एक सांगते. नव्वद टक्के नाहीत म्हणून मूल कमी ठरत नाही. भिवंडीत जी. एम. मोमीन महिला कॉलेज आहे, बी.एन.एन. कॉलेज आहे. मुंबईत महाराष्ट्र कॉलेज आहे. घराजवळ राहून मन लावून शिकलेली मुलगी मोठ्या नावाच्या कॉलेजात दमून मागे पडलेल्या मुलीपेक्षा पुढे जाऊ शकते. निर्णय नावावर नको, मुलाच्या ताकदीवर आणि विषयावर घ्या.

कौमसाठी यात काय आहे?

झेवियर्स १८६९ मध्ये सुरू झालं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८७४ मध्ये, बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. शहर तेच, काळ तोच, इंग्रज सरकारही तेच. म्हणजे आपले बुजुर्ग झोपलेले नव्हते. अंजुमननेही पिढ्यान् पिढ्या मुलं शिकवली. तरी झेवियर्सकडून आजही दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

पहिली, पैसा संस्थेतच राहतो. जेझुइट प्राध्यापकाला स्वतःची मालमत्ता ठेवता येत नाही. त्याची कमाई संघाच्या कामाला जाते. आपल्यात तसा संघ नाही, पण वक्फची कल्पना आपलीच आहे. मशिदीसाठी जसा सढळ हात सुटतो, तसा एखाद्या प्रयोगशाळेसाठी किंवा ग्रंथालयासाठी सुटला पाहिजे.

दुसरी, संशोधन. ब्लॅटर यांनी झाडं जमवली, हेरास यांनी नाणी जमवली. त्यातून लगेच कोणाला नोकरी लागली नाही, पण शंभर वर्षांनी जगातले अभ्यासक तिथे येतात. भिवंडीच्या यंत्रमागाचा इतिहास, इथल्या मोमीन विणकरांची भाषा, त्यांची गाणी, त्यांचं उत्तरेतून इकडे येणं, हे सगळं कोणी जमवून ठेवलंय का? आपल्या कॉलेजांनी हे काम हातात घेतलं तर त्यासाठी कोणत्याही कोट्याची गरज नाही.

यंदा निकाल लागल्यावर घरात बसून आधी मुलीलाच विचारा, बेटा, तुला काय शिकायचं आहे? मग माहितीपत्रक उघडा, गणित मांडा, दोन-तीन कॉलेजं प्रत्यक्ष बघून या. झेवियर्सचं फाटक बंद नाही. आत जायची वाट मार्कांची आणि मेहनतीची आहे, आणि ती वाट आपल्या मुलींना चालता येते. अल्लाह त्यांच्या इल्ममध्ये बरकत देवो.