गुण्यात नसलेली भिंत

नक्षीची टाइल गवंड्याची चूक पोटात घालते. भिंतीच्या मध्यातून निळ्या लाटांची, शिंपल्यांची किंवा उड्या मारणाऱ्या डॉल्फिनची पट्टी फिरवलेली असली की भिंत एका अंगाला कललेली आहे, सांधा वर जाता जाता रुंदावलाय, हे कुणाला दिसत नाही. नजर डॉल्फिनवर खिळलेली असते. तीच भिंत खालपासून वरपर्यंत एकाच फिक्या, मातकट रंगाची करायची म्हटली की लपायला जागा राहत नाही. पुण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीतली चार बाय सात फुटांची बाथरूम फोडून नव्याने केली, तेव्हा मी बराच वेळ दाराशी स्टूल टाकून बसून होते. मासिकांत दिसते तशी शांत, मोकळी, कमीत कमी वस्तूंची बाथरूम हवी होती. ‘साधीच तर आहे, मग खर्च कमी का नाही?’ हे घरातल्या प्रत्येकाने विचारून झालं. उत्तर भिंत उघडी पडल्यावर मिळालं.

जुन्या टाइल्स पडल्या, त्यांच्यामागचा जाड मसाला पडला, डेब्रिजच्या गोण्या सोसायटीने ठरवून दिलेल्या वेळेत जिन्याने खाली गेल्या. मग मिस्त्रींनी कोपऱ्यात गुण्या लावला. काटकोन दाखवणारं हे लोखंडी हत्यार कुणाची भीड ठेवत नाही. दारापासून खिडकीपर्यंत जाताना भिंत सहा सूत आत सरकली होती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटर कॅटलॉगात असतात, कामावर अजून सूतच चालतं. म्हणजे पाऊण इंच. जमिनीवर भिंतीलगत जो टाइलचा कापलेला तुकडा येणार, तो एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला सव्वातीन इंच झाला असता. पाचरच.

“नक्षी असती तर चालून गेलं असतं, ताई,” मिस्त्री म्हणाले. “प्लेनला नाही चालणार. रोज दात घासताना तेवढंच दिसेल.”

मग एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असा गिलावा चढवून भिंत गुण्यात आणि ओळंब्यात आणली. आधीच लहान खोलीतली थोडी जागा त्यात गेली. आता तिथे उभं राहिलेल्या माणसाला हा गिलावा असल्याचं कळणारही नाही, आणि त्यासाठीच तो केला होता. पुढची सगळी कामं मी याच नजरेने पाहू लागले.

प्लंबर आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो टाइलच्या जाडीचा. पाइपांचा आणि टाइलच्या जाडीचा संबंध काय, असं वाटेल. पण नळ भिंतीच्या आत गाडायचे असले, बाहेर फक्त एक चकती आणि मूठ दिसायची असली, तर आत बसणाऱ्या डायव्हर्टरची खोली आधी ठरवावी लागते. त्याच्या अंगावर प्लास्टिकचं एक टोपण असतं. त्यावर दोन खुणा असतात, कमीत कमी इतका आत आणि जास्तीत जास्त इतका. तयार भिंतीचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मधे आला पाहिजे. डायव्हर्टर फार आत गेला तर मूठ आटे पकडत नाही. फार बाहेर राहिला तर चकती भिंतीला टेकत नाही, मागे फट राहते. म्हणजे गिलावा, टाइल चिकटवायचा थर आणि टाइल या तिघांची बेरीज हातात असल्याशिवाय चर मारून उपयोग नाही. एरवी आपण टाइल सगळ्यात शेवटी, शोरूममध्ये एसीत बसून निवडतो. इथे ती सगळ्यात आधी निवडावी लागली.

व्हिएन्नाचा वास्तुविशारद ॲडॉल्फ लूस पुढे दागिन्यांनी मढवलेल्या वस्तूंविरुद्ध हिरिरीने बोलला, म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने त्याआधी, १८९८ मध्ये, एक अख्खा लेख प्लंबरांवर लिहिला होता आणि संस्कृती पुढे नेणाऱ्यांत प्लंबरला मानाची जागा दिली होती. त्या लेखाचं मला पूर्वी हसू यायचं. आमच्या प्लंबरला भिंतीवर खडूने रेघा मारताना पाहिल्यावर लूसचं म्हणणं पटलं. गरम आणि गार पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपांच्या वाटा, गिझरचा जोड, शॉवर, बादलीचा नळ, जेट स्प्रे, सगळं त्याने कोऱ्या भिंतीवर आखलं आणि मगच कटर हातात घेतला. पाइप बसल्यावर सगळी तोंडं बंद करून हातपंपाने दाब चढवला आणि मीटरचा काटा खाली येतो का ते बघायला लाइन तशीच ठेवली. चर बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढायला त्यानेच सांगितलं. पुढे कधी कुणी आरशासाठी ड्रिल मारायला आलं, तर भिंतीच्या पोटात काय आहे ते त्या फोटोंवरूनच कळणार.

कमोड भिंतीवर टांगायचा होता, म्हणजे खालची जमीन मोकळी राहते आणि खोली मोठी भासते. पण आतली भिंत चार इंची. तिच्यात फ्लशची टाकी गाडायला जागाच नसते आणि माणसाचा भार तिच्यावर टाकता येत नाही. त्यासाठी लोखंडी चौकट जमिनीला आणि भिंतीला बोल्टने आवळली, तिच्यात टाकी बसवली आणि पुढून छातीच्या खाली येईल इतक्या उंचीचा कट्टा बांधून घेतला. हा कट्टा म्हणजे या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग निघाला. साबण, तेलाची बाटली, चष्मा, सगळं त्यावर राहतं, वेगळी फळी लागत नाही. टाकीची दुरुस्ती फ्लशच्या बटणाची पट्टी काढून तिथूनच करता येते. भिंत फोडावी लागत नाही.

वॉटरप्रूफिंग बघायला घरातलं कुणी थांबलं नाही, कारण बघण्यासारखं त्यात काही नसतं. जमीन आणि भिंत जिथे भेटतात तिथला काटकोन मसाल्याने भरून गोलाई देतात, तिला वाटा म्हणतात. पाणी काटकोनातच वाट शोधतं आणि लेपाला चीरही तिथेच जाते. वाट्यावर आणि जमिनीवर लेपाचे दोन हात, एक आडवा, दुसरा उभा. मग जाळीचं तोंड बंद करून जमिनीवर पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं.

खालच्या काकूंना हे सांगायला गेले, तर त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “भरलंत का पाणी? थांब, मी आधी गिझरवरचे डबे काढते,” म्हणाल्या आणि खरोखर स्टूलावर चढल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या छताचा पोपडा पिठाच्या डब्यात पडला होता. या वेळी छत कोरडं राहिलं. तरी काकू पुढचे काही दिवस डबे बाहेरच ठेवून होत्या, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

ढाळाची गोष्ट जास्त अवघड. जाळी खोलीच्या मधोमध किंवा कोपऱ्यात असली की जमीन चारही बाजूंनी तिच्याकडे उतरती करावी लागते. एक फूट बाय एक फूटची टाइल त्या उतारावर निभावते. दोन फुटांची एकसंध टाइल निभावत नाही. ती तिरकी कापून चार तुकड्यांत बसवावी लागते आणि मोकळ्या जमिनीवर पाकिटाच्या घडीसारखी आकृती उमटते. ती टाळायची तर भिंतीलगत लांबट पन्हळ द्यायची. मग ढाळ एकाच दिशेने पुरतो. ऐंशीत एक, म्हणजे न्हायच्या भागात चार फुटांना साधारण पाच सूत. पन्हळीच्या खाली आपला नेहमीचा नहाणी ट्रॅप राहतोच. त्यात पाण्याचा थर असतो म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. महिनाभर गावाला गेलात तर तो थर वाळतो. जाताना तांब्याभर पाणी ओतून जावं.

जमिनीची टाइल कशी घ्यावी याबद्दल शोरूममध्ये आर-नाइन, आर-टेन असे आकडे ऐकवतात. ते आकडे तेल ओतलेल्या उतारावर बूट घातलेल्या माणसाला चालवून काढलेले असतात. अनवाणी, साबणाच्या पाण्यात चालणाऱ्यासाठी ए, बी, सी अशी निराळी प्रतवारी आहे, तिचं नाव विक्रेत्याने काढलं नाही. मी टाइल जमिनीवर ठेवायला लावली, पाणी मागितलं आणि चप्पल काढून उभी राहिले. तिथल्या मुलाला ते फारसं आवडलं नाही.

टाइल लावणारे कारागीर राजस्थानातले, दोघे भाऊ. थोरला टाइल हातात घेण्याआधी भिंतीसमोर नुसताच उभा राहिला. पहिली पूर्ण टाइल कुठे येणार आणि कापलेली कुठे दडणार, हे त्याचं त्याच्याशी चाललं होतं. दारातून आत येताना समोर जी भिंत दिसते तिथे तुकडा नको, तुकडा दाराच्या मागच्या कोपऱ्यात. भिंतीचा सांधा जमिनीच्या सांध्यात उतरला पाहिजे. शॉवरजवळचा कोनाडा सांध्याच्या मापातच कापायचा, नाहीतर चारी बाजूंनी चिंधीएवढे तुकडे लागतात. त्या कोनाड्याच्या तळाला त्याने न विचारता बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, साबणाचं पाणी साचू नये म्हणून. कोनाड्याच्या कडांना स्टीलची पट्टी नको होती. मग दोन टाइल्सच्या कडा ग्राइंडरने पंचेचाळीस अंशांत घासून जोडाव्या लागतात. घासताना कडेची एक कपची उडाली की टाइल बाद. धाकट्याचं बरंचसं काम हेच होतं, आणि बाद टाइल्सची थप्पी तो माझ्यापासून लपवत नव्हता.

सगळ्यात पाहण्यासारखा त्यांचा दिवा होता. साधा बल्ब, लांब वायर. तो समोरून न धरता भिंतीला जवळजवळ चिकटवून, बाजूने धरायचा. एक टाइल शेजारणीपेक्षा नखभर जरी वर आली असली तरी तिच्या कडेची सावली वीतभर लांब पडते. सावली दिसली की टाइल उपटायची, मागचा मसाला खरवडायचा, पुन्हा दाबायची. समोरून पाहिलं तर तीच भिंत एकदम झकास दिसत होती. पण आरशावरचा दिवा जेव्हा लागणार, तेव्हा तोही असाच वरून, भिंत घासत प्रकाश टाकणार. नंतर थोरला नाण्याने प्रत्येक टाइल वाजवत गेला. भरीव आवाज पुढे, पोकळ आवाज आला की खडूची फुली.

मासिकांतल्या फोटोंबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यांत बादली नसते. मग नसतो, बसायचं स्टूल नसतं, पायाची वजरी नसते, पावसाळ्यात दोरीवर न वाळलेले कपडे नसतात. असते ती टॉवेलसाठी लाकडी शिडी, जिला आपल्याकडच्या जुलैत बुरशी येईल. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “मी उभ्याने आंघोळ करायची नाही.” तेव्हा बादली असणार हे धरूनच आखणी केली. बादलीचा नळ बादलीच्या तोंडापेक्षा थोडाच उंच, म्हणजे पाणी उडत नाही आणि आवाज होत नाही. बेसिनच्या ओट्याखाली बादली, मग आणि स्टूल एकमेकांत बसतील एवढा रिकामा कप्पा, त्याला दार नाही. बसता-उठताना धरायला दांडा हवा होता. तो टॉवेलच्या दांड्यासारखा नुसत्या दोन स्क्रूंवर पेलत नाही, त्याच्यामागे भिंत भरीव लागते, म्हणून त्याची जागाही गिलाव्याच्या वेळीच ठरली. त्याला नळांसारखाच मंद चमकेचा रंग घेतला, आणि सासूबाई आता त्यावर टॉवेलही टाकतात. ज्या घरात बादलीला जागा ठरवलेली नसते तिथली मोकळी बाथरूम आठवड्यात पुन्हा भरते, हे मी दोन-तीन परिचितांकडे पाहिलं आहे.

रंगाचं म्हणाल तर शोरूममधला दिवा आणि घरचा दिवा एक नसतो. आमची खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथून येतो तो राखाडी उजेड. त्यात करडी टाइल आणि ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा म्हणजे दवाखाना. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तीच टाइल वाळूसारखी ऊबदार दिसते. तुकडा घरी आणून, रात्री, आपल्या दिव्याखाली पाहिल्याशिवाय कुणी टाइल घेऊ नये.

सांध्यांत इपॉक्सी भरलं. साध्या सिमेंटच्या ग्राउटपेक्षा ते महाग, आणि भरणाऱ्याला फुरसत देत नाही; घट्ट व्हायच्या आत टाइलवरचा थर पुसला नाही तर तवंग कायमचा राहतो. पण ते पाणी पीत नाही, आणि इमारतीला टँकरचं पाणी लागतं तिथे याला महत्त्व आहे. त्या पाण्यातला चुना सगळ्यावर पांढरे ठिपके सोडतो. काळे मॅट नळ म्हणूनच घेतले नाहीत, त्यांच्यावर एकेक थेंब मोजता येतो. बहुतेक घरांत अशा डागांवर ॲसिडची बाटली उलटी करतात. त्याने डाग जातात, मागोमाग सिमेंटचे सांधे आणि नळाची झिलईही जाते. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना ॲसिड वापरू नका म्हटलं, तर त्यांनी लांबट पन्हळीकडे बोट दाखवलं. “ते राहू द्या. ह्यात केस अडकणार. हे झाकण निघतं का?”

झाकण निघतं. मिस्त्रींनी त्यावर जमिनीचीच टाइल कापून बसवली आहे, म्हणून ते चटकन दिसत नाही. एका टोकाला बोट घालायला फट ठेवली आहे, ती मावशींना दाखवली.