बोअरला पाणी लागले, पण तपासले का?

आई-वडिलांच्या नावाने मस्जिदीत, मदरशात किंवा वस्तीत बोअर मारून देण्याची चांगली रीत आपल्यात आहे. तहानलेल्याला पाणी पाजणे हा सदका-ए-जारिया. आमच्या मुदखेड भागातही बोअरला पाणी लागले की मोटार बसते, नळ लागतात, दुआ होते. पाण्याची तपासणी मात्र राहून जाते. ‘पाणी नितळ आहे, गोड लागते, मग तपासायचे काय?’ असे पालक आम्हाला विचारतात.

याचे उत्तर जमिनीखाली आहे. नांदेड जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पूर्वेकडे किनवट, बिलोली, देगलूरच्या बाजूला ग्रॅनाइटही आढळतो. मुरलेले पाणी खडकाच्या फटींत वर्षानुवर्षे राहते आणि त्यातील क्षार आपल्यात घेते. ग्रॅनाइटमधील काही खनिजांतून फ्लोराइड उतरते. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त, त्यात ते अधिक टिकते. म्हणजे साबणाला छान फेस येणारे ‘हलके’ पाणीही निर्धोक असेलच असे नाही.

दुसरा क्षार नायट्रेट. तो बहुधा आपल्याच हातून पाण्यात जातो. शेतातला युरिया, उकिरडा, संडासाचा शोषखड्डा यांतून झिरपून तो जवळच्या आडात उतरतो.

हाच अभ्यास म्हणजे भूजलाचे भूरसायनशास्त्र. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील भूशास्त्र संकुलाचे डॉ. डी. बी. पानसकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नांदेड तालुक्यातील भूजलाचे नमुने तपासले. ते पाणी पिण्यास, शेतीस आणि उद्योगास कितपत योग्य, यावर त्यांचा शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. असे संशोधन आपल्या दारापर्यंत यायला हवे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइड जास्त झाले की वाढत्या मुलांच्या दातांवर पांढरे, मग तपकिरी डाग पडतात. पुढे हाडे आणि सांधे आखडतात. नायट्रेट तान्ह्या बाळाला घातक, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. वरच्या दुधाची पावडर अशा पाण्यात कालवू नये.

माता-भगिनींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते.

तपासणी अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या लेकी-सुनांनी त्यात नाव द्यावे. दोष निघाला तरी बोअर वाया जात नाही. वुजू, धुणे, झाडलोट यासाठी ते पाणी वापरावे; पिण्यासाठी दुसरा स्रोत किंवा आरओ यंत्र बघावे.

बोअरच्या खर्चापुढे तपासणीचा खर्च किरकोळ असतो. म्हणून दात्यांना आमची विनंती आहे, नळावर मर्हूमांच्या नावाची पाटी लावण्याआधी पाण्याचा अहवाल हाती घ्या.