डोक्याचे टाके निघाले, पण मेंदूचे काय?

भिवंडीत डोक्याला मार लागायला निमित्तं कमी नाहीत. लूमवरून सुटलेला धोटा, गोदामात थप्पीवरून कोसळलेला हमाल, नाशिक हायवेला घसरलेली मोटारसायकल. माणूस वाचतो, टाके निघतात, घरी येतो. घरच्यांची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

वस्तीत फिरताना आम्ही नेहमी ऐकतो, "ताई, दवाखान्यातून बरा होऊन आला, पण माणूसच बदललाय." शांत माणूस ताट भिरकावतो. सांगितलेलं दहा मिनिटांत विसरतो. दिवसभर झोपतो, आवाज सहन होत नाही. सासरचे म्हणतात, आळशी झालाय. शेजारी म्हणतात, बाहेरचं लागलंय. दोन्ही खरं नाही. ही मेंदूची इजा आहे.

मेंदू कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात असतो. जोराचा हिसका बसला की तो आतल्या हाडावर आपटतो आणि त्याचे बारीक तंतू ताणले जातात. कपाळामागचा भाग राग आवरतो, कामाची आखणी करतो. कानशिलाजवळचा भाग आठवण आणि बोलणं सांभाळतो. जो भाग दुखावला, ते काम बिघडतं. सौम्य इजेत सी.टी. स्कॅन नॉर्मल येऊनही त्रास राहू शकतो.

मार लागताच

१०८ला फोन करा. मान वाकवू नका, पाणी पाजू नका. उलटी होत असेल तर डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, हे कायद्यात आहे. म्हणून घाबरून मागे राहू नका.

वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटका, एका बाजूला कमजोरी, कानानाकातून रक्त किंवा पाणी, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा. म्हाताऱ्या माणसांत, दारू पिणाऱ्यांत आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत रक्तस्राव हळूहळू साठतो. तीन आठवड्यांनीही लक्षणं दिसू शकतात.

घरी आल्यावर

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पण पुढेही वर्षानुवर्षे चालू राहते. मेंदू सरावाने नवी वाट काढतो. म्हणून एका वेळी एकच काम सांगा. रोजचा क्रम भिंतीवर लिहून लावा. टीव्ही-मोबाईलचा गोंगाट कमी करा. झोप पुरी होऊ द्या. दारू पूर्ण बंद. झटक्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. राग आला तर वाद घालू नका, थोडा वेळ बाजूला व्हा.

फिजिओथेरपी, बोलण्याचे उपचार आणि रोजची कामं पुन्हा शिकवणारे उपचार लागतात. इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. भगताकडे घालवलेले महिने सुधारणेच्या सर्वांत चांगल्या काळातून जातात. अंगात आलंय म्हणून मारहाण करणं, उपचार अडवणं हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे.

कागद जपा

डिस्चार्ज कार्ड, स्कॅनच्या फिल्म, पोलिसांची नोंद, औषधांची बिलं एका पिशवीत ठेवा. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा जोतिराव फुले योजनेबद्दल विचारा. रस्त्यावरच्या अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करा. कामावर मार लागला असेल तर भरपाईचा हक्क १९२३ पासून कायद्यात आहे. मालकाने हातात टेकवलेल्या पाच-दहा हजारांवर तो मिटत नाही, कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्यास २०१६च्या कायद्यानुसार सवलती मिळतात. त्यासाठी दाखला काढा. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला, स्त्रियांना आणि अपंगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

आणि सांभाळणाऱ्या बाईकडेही पाहा. ती रात्र-रात्र जागते, दिवसा धुणीभांडी करते. महिला मंडळातल्या दोघीतिघींनी आठवड्यातून दोन तास रुग्णाजवळ बसावं, म्हणजे तिला निदान स्वतःची औषधं आणायला, निवांत जेवायला वेळ मिळेल. आजाऱ्याची सेवा करायला सांगणाऱ्या धम्माच्या घरांत एवढं व्हायलाच हवं.