घरच्या कचेरीला संगणक कोणता?

जालना जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, अंबड तालुक्यांत, गोदावरीच्या कांठीं आमचें शहागड वसलेलें आहे. बीडकडे जाणाऱ्या महामार्गानें पूल ओलांडला कीं जिल्हा बदलतो. गांवांत आमचें वडिलोपार्जित घर आहे, आणि ओसरीलगतच्या खोलींत, खिडकीच्या डाव्या अंगास, आजोबांचें उतरत्या फळीचें डेस्क अद्यापि आहे. निजामी अमलांत त्या डेस्कावर उर्दू कागद येत. १९४८ नंतर त्यांच्या जागीं मराठी अर्ज आले. त्याच खोलींत गेल्या वर्षापासून एक संगणक ठेवलेला आहे. तो तेथें कसा आला, आणि त्याच्या आधीं आलेला दुसरा कां गेला, ही हकीकत आमच्यासारख्याच घरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहों.

आमच्या मातोश्रींचें वय शहाऐंशीं. नदी सोडून पुण्यास राहावयास जाण्याची गोष्ट काढली कीं त्या उत्तरच देत नाहींत. धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त बाहेरगांवीं; तेव्हां सूनबाईंनीं शहागडींच राहून पुण्याच्या एका हिशेबनिसांच्या कचेरीचें काम घरून करावें असें ठरलें. दिवसा व्यापाऱ्यांचीं जमाखर्चाचीं आणि वस्तु व सेवा कराचीं विवरणें, आणि सायंकाळीं जमेल तसें मराठी पुस्तकांच्या मुद्रितांचें काम, असा त्यांचा व्यवसाय. म्हणजे संगणक हा आमच्या घरांत हौसेचा विषय नव्हता. तो चालला तर सूनबाई शहागडांत, आणि त्या शहागडांत म्हणून मातोश्री आपल्या घरांत.

पहिला संगणक आम्हीं स्वतः आणला, आणि तो कसा निवडूं नये ह्याचा तो नमुनाच होता. दुकानदारानें तो दिवे मालवून दाखविला. एका बाजूस कांच, आंत निळे-तांबडे दिवे फिरत आहेत, आणि खेळांच्या चित्रांसाठीं लागणारें एक स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड! आम्हांस वाटलें, एवढा थाट आहे त्या अर्थीं यंत्र जोरदार असलें पाहिजे. पैसे दिव्यांत आणि कार्डांत गेले. माहिती सांठविण्यासाठीं मात्र आंत जुन्या तऱ्हेची फिरती हार्ड डिस्क होती, आणि यूपीएस घेण्याचें कोणी सुचविलेंही नाहीं. आषाढांतल्या एका रात्रीं वीज तीनदां गेली व तीनदां आली. सकाळीं डिस्क टक्‌ टक्‌ असा आवाज करूं लागली आणि तिच्यांतलें कांहींच वाचतां येईना. तारीख १७ होती, आणि त्या कराचें मासिक विवरण २० तारखेच्या आंत भरावें लागतें. सूनबाईंनीं दोन दिवस दुसऱ्याच्या यंत्रावर बसून सगळा जमाखर्च पुन्हां उतरविला. काम वेळेंत झालें, पण पुण्याहून अगदीं सौम्य शब्दांत विचारणा झाली, "आपण इकडेच राहावयास आलांत तर बरें नाहीं का?" त्या दिवशीं मातोश्री जेवल्या नाहींत. कोणी त्यांना कांहीं सांगितलें नव्हतें.

दुसऱ्या खेपेस निवड सूनबाईंनीं केली. त्यांनीं प्रथम दुकानाचें तोंड पाहिलें नाहीं. एका वहींत आठवड्याचें काम लिहून काढलें. जमाखर्चाची प्रणाली, मोठालीं कोष्टकें, सरकारी संकेतस्थळें, एकाच वेळीं उघडे असणारे दहापंधरा कागद, मराठी अक्षरजुळणी, आणि पुण्याशीं दृक्‌श्राव्य बैठकी. ह्या यादींत खेळ नव्हता, चलच्चित्रांची जुळणी नव्हती. म्हणून स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड यादीबाहेर गेलें. आजकालच्या बहुतेक प्रोसेसरांच्या पोटांतच पडद्यापुरती चित्रशक्ति असते, आणि कचेरीच्या कामास ती पुरून उरते. (एएमडी किंवा इंटेलच्या कांहीं प्रोसेसरांत ती नसते, तेवढें मात्र विचारून घ्यावें.)

पुण्याच्या आमच्या पुतण्याचें म्हणणें पडलें कीं मेजावरचा संगणक ही आतां जुनी गोष्ट झाली, लॅपटॉपच घ्यावा. त्याच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. लॅपटॉपच्या पोटांत विजेचा सांठा असतो, आणि आमच्या गांवीं त्याचें महत्त्व कोणाला सांगावयास नको. परंतु रोज आठ तास मान खालीं घालून तेवढ्याशा पडद्यांत कोष्टकें पाहाणाराच्या मानेचें काय होतें, तें त्याला अद्यापि कळावयाचें आहे. शिवाय मेजावरच्या संगणकाचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलतां येतो. कळफलकावर चहा सांडला तर नवा कळफलक थोडक्यांत येतो. लॅपटॉपवर तोच चहा फार महाग पडतो. ज्यांना वारंवार प्रवास करावा लागतो त्यांनीं लॅपटॉप अवश्य घ्यावा. ज्यांची कचेरी एका खिडकीशीं बांधलेली आहे, त्यांना मेजावरचाच सोयीचा.

आतां आंतल्या वस्तूंविषयीं. ज्यांचे पैसे मोजके आहेत त्यांनीं पहिला रुपया एसएसडीवर खर्च करावा असें आमचें ठाम मत झालें आहे. जुन्या डिस्कमध्यें तबकडी फिरते आणि सुई तिच्यावर माहिती शोधीत जाते. एसएसडीमध्यें फिरणारें कांहींच नाहीं, म्हणून ती अनेक पट जलद चालते आणि धक्क्यानें सहसा बिघडत नाहीं. ५१२ जीबीची एसएसडी घरच्या कचेरीला पुष्कळ झाली. त्यानंतर रॅम. डेस्कावर एका वेळीं जितके कागद पसरतां येतात तितकी त्या डेस्काची रॅम, अशी आम्हीं मातोश्रींना तिची व्याख्या करून सांगितली, आणि ती त्यांना पटली. ८ जीबींत काम भागतें. १६ जीबींत सुखानें होतें. २०२५ च्या अखेरीपासून जगभर रॅमचे भाव फार चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणकगृहांनीं ती ओढून घेतली. त्यामुळें ज्यांना आज ८ च परवडते त्यांनीं ती एकाच पट्टीची घ्यावी, म्हणजे दुसरी पट्टी बसविण्यास जागा मोकळी राहाते. प्रोसेसराचा क्रम आम्ही तिसरा लावतों, जरी दुकानांत त्याचेंच नांव प्रथम निघतें. इंटेलचा आय-३ किंवा एएमडीचा रायझेन-३, अलीकडच्या पिढीचा, हिशेबाच्या कामाला कमी पडत नाहीं. सूनबाईंनीं आय-५ घेतला तो पुढील सहासात वर्षांकडे पाहून.

पिढीची गोष्ट आली म्हणून जुन्या यंत्रांविषयीं दोन शब्द. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेले संगणक दुरुस्त करून विकण्याचा व्यापार सध्यां जोरांत आहे. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर असा माल ढिगानें मिळतो. कचेरीसाठींच बनविलेलीं तीं यंत्रें बांध्यानें मजबूत असतात, आणि अर्ध्या किंमतींतही मिळूं शकतात. पण एक मेख आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय लागते. सहाव्या-सातव्या पिढीचें यंत्र स्वस्त दिसतें तें ह्याचमुळें. ज्यांचें काम केवळ पत्रव्यवहार, कोष्टकें आणि संकेतस्थळें एवढेंच आहे, त्यांनीं अशा यंत्रावर उबंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली आणि लिबरऑफिस घालून पाहावें. आमच्या एका शिक्षक स्नेह्यांचें त्यावर उत्तम चाललें आहे. सूनबाईंना तें जमण्यासारखें नव्हतें, कारण त्यांच्या जमाखर्चाच्या प्रणालीला विंडोजच लागते.

मराठीचा प्रश्न निराळा, आणि आमच्या मतें वाचकांनीं तो यंत्र घेण्यापूर्वींच सोडवावा. आमच्या बोटांना जुन्या टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन पद्धतीची संवय. सूनबाई इन्स्क्रिप्टवर लिहितात. इन्स्क्रिप्टची मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं प्रमाण ठरविली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनें, अशी तिची रचना आहे, आणि तीच बोटें कन्नड किंवा गुजराती लिहितांनाही त्याच जागीं पडतात. विंडोजमध्यें ती आधींपासून असते. निराळे पैसे पडत नाहींत. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला ती पंधरा दिवसांत येते. आम्हांला महिना लागला, तो वयामुळें.

पण छापखान्यांची अडचण अशी कीं कित्येक प्रकाशकांकडे जुनी पुस्तकें श्रीलिपीसारख्या जुन्या अक्षरसंचांत पडलेलीं आहेत. तो संच यंत्रावर नसला कीं ज्ञानेश्वरीवरच्या विवेचनाच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. १९९१ पासून युनिकोडांत देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या, आणि त्यांत लिहिलेलें कोणत्याही यंत्रावर मराठीच दिसतें. नवें लेखन युनिकोडांतच करावें. जुन्यासाठीं प्रकाशकाकडून त्याचा अक्षरसंच मागून घ्यावा.

पडद्याच्या बाबतींत मात्र काटकसर करूं नये. २४ इंची, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा, बाजूनें पाहिलें तरी रंग न उडणारा आयपीएस जातीचा पडदा सूनबाईंनीं घेतला. जोडाक्षरांतला अर्धा र आणि अनुस्वार ओळखण्यासाठीं त्यांना पूर्वीं पडद्याशीं नाक न्यावें लागे. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत आणि खिडकी बाजूला असावी, पाठीमागें किंवा समोर नसावी. आजोबांच्या डेस्काची खिडकी डाव्या अंगास होती, म्हणून जागा बदलण्याचें कारण पडलें नाहीं. डेस्क भिंतीशीं सरकवून तेथें सपाट मेज ठेवलें.

आतां विजेकडे वळतों, कारण आमच्या भागांत अर्धी लढाई तिच्याशींच असते. असा कचेरीचा संगणक आणि पडदा मिळून साधारणतः ऐंशीं-नव्वद वॅट वीज खातात. दिवसाला आठ तास धरले तरी पाऊण युनिटाच्या आंतबाहेर. म्हणजे बिलाची धास्ती नको, धास्ती अचानक जाण्यायेण्याची. यूपीएसवर व्हीएचा आंकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण वॅटचा आंकडा शोधून पाहावा. ६०० व्हीएच्या यूपीएसची शक्ति बहुधा ३६० वॅटच असते. त्यावर असा संगणक कांहीं मिनिटें चालतो. तेवढ्यांत काम जतन करून यंत्र रीतसर बंद करावयाचें. अधिक वेळ बसावयाचें असेल तर घरच्या इन्व्हर्टरवर ती ओळ जोडून घ्यावी, मात्र इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरीचा असावा. आमच्याकडे दोन्ही आहेत. इंटरनेटची पेटीही यूपीएसवरच लावावी. ही गोष्ट आम्हांला पहिल्याच बैठकींत, पडदा उजळ आणि पुणें गायब झाल्यावर, सुचली.

यूपीएसमधली शिशाची बॅटरी उष्णतेनें लवकर मरते. वैशाखांत पारा बेचाळिसाच्या घरांत गेला कीं पश्चिमेची भिंत तव्यासारखी तापते. त्या भिंतीशीं ती ठेवूं नये. दोनतीन वर्षांनीं ती बदलावी लागणार हें खर्चांत आधींच धरावें. आणि सर्वांत आधीं वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावें. आमच्या घरांतलें अर्थिंग कागदोपत्रींच होतें असें त्या वेळीं उघडकीस आलें. पहिल्या संगणकाचा दोष सगळा दुकानदाराच्या माथीं आम्हीं मारला होता, त्यांतला कांहीं भाग तेव्हां परत घ्यावा लागला. वळवाच्या पावसांत गडगडाट होऊं लागला कीं नुसतें बटण न दाबतां पिनच भिंतींतून काढून ठेवतों.

मातोश्रींनीं यंत्रासाठीं क्रोशाचें एक सुंदर आच्छादन विणलें. तें त्यांनीं चालू यंत्रावर घातलें आणि आंतला पंखा विमानासारखा घोंगावूं लागला. यंत्राला श्वास घ्यावा लागतो हें ऐकून त्या म्हणाल्या, "मग आधीं सांगावयाचें!" आतां तें आच्छादन यंत्र निवल्यावर रात्रीं घालतात. काळ्या मातीची धूळ आणि कापसाच्या दिवसांत उडणारे तंतू आंत जाऊन बसतातच. ते सहा महिन्यांनीं मऊ कुंचल्यानें काढावे लागतात, पंख्याचें पातें बोटानें धरून.

एवढें सगळें यूपीएससह पन्नास हजारांच्या थोडें वर गेलें. कांच नाहीं, दिवे नाहींत. पाटीदप्तराएवढी काळी पेटी. पाहुणे तिच्याकडे पाहातही नाहींत. पहिल्या यंत्राचें ग्राफिक्स कार्ड एका हौशी मुलानें विकत घेतलें, आणि त्या पैशांतून बाहेरून जोडावयाची एक डिस्क आली. जमाखर्चाची एक प्रत यंत्रांत, एक पुण्याच्या कचेरीच्या सांठ्यावर, आणि तिसरी ह्या डिस्कवर. ती डिस्क मातोश्रींच्या लांकडी पेटींत, पोथ्यांशेजारीं असते. शनिवारीं दिवेलागणीच्या सुमारास त्या स्वतः पेटी उघडतात, डिस्क काढून सूनबाईंपुढें ठेवतात, आणि नक्कल पुरी होईतों शेजारीं बसून राहातात.