गोगलगाय एकटी काय करणार?

पावसाने जोर धरला की कल्याण-डोंबिवलीतल्या सोसायट्यांच्या कंपाऊंडवर शंखी गोगलगायी चढतात आणि मोबाइलवर इशारा फिरू लागतो : हात लागला तरी मेंदूत किडा शिरतो! किडा खरा आहे. हाताचं मात्र तसं नाही. धडधाकट कातडीतून तो आत जात नाही. न धुतलेला हात तोंडात गेला तर धोका.

गोगलगाय विषारी नाही आणि हा कृमी तिचा नाहीच, तो उंदराचा. उंदराच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत तो वाढतो, अळ्या लेंड्यांतून बाहेर पडतात. गोगलगाय त्या लेंड्या खाते, तिच्या अंगात अळी तयार होते, आणि तिला उंदराने खाल्लं की फेरा पुरा होतो. माणूस यात चुकून सापडतो. कच्च्या पाल्यात दडलेलं गोगलगायीचं पिल्लू पोटात गेलं, तर अळी मेंदूपर्यंत पोचते आणि सहसा तिथेच मरते. मेंदूच्या आवरणाला सूज येते, डोकं असह्य दुखतं, मान आखडते. बहुतेक रुग्ण बरे होतात, पण दुखणं अंगावर काढू नये. एकाचं दुसऱ्याला मात्र होत नाही.

‘हे हवाई-तैवानचं, आपल्याकडे कुठलं?’ माणसातला पहिला रुग्ण १९४५ मध्ये तैवानात नोंदला गेला, हे खरं. पण १९८२ मध्ये हाफकिन संस्थेच्या संशोधकांनी हाच कृमी मुंबईच्या उंदरांत दाखवला, आणि उंदरांना लोकलचा पास लागत नाही. शंखी गोगलगायही पाहुणीच : मूळची आफ्रिकेतली, १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या ब्रिटिशाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणलेली.

सगळ्या गोगलगायी एकाच माळेत ओवू नयेत. म्हशींना पर्णकृमी होतो तो पाण्यातल्या गोगलगायींमुळे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याचा आजार आढळला. गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ मध्ये त्याची नोंद केली. तिथेही संशय गोड्या पाण्यातल्या एका इवल्या गोगलगायीवरच होता.

मिठाच्या पाण्यात भाजी बुचकळली की काम झालं, हाही भ्रमच. पानन् पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावं, नीट शिजवावं. गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात. कुंडीत मीठ ओतलं तर आधी झाडच मरतं. आणि कंपाऊंडभर औषध मारून कचऱ्याचा ढीग तसाच ठेवणाऱ्या सोसायटीने उंदरांची सोय तेवढी केलेली असते.