हँडल उंच करण्याआधी

दिवाळी झाली, रस्ते कोरडे झाले की आपल्या बेळगावातल्या गाडीवाल्यांना चोर्ल्याची आणि आंबोलीची ओढ लागते. कॉलेजात असताना तीन-तीन तास वाकून गाडी चालवणारे आपण आता जांबोटीला पोचेपर्यंत दोनदा थांबून मान चोळतो. मग कोणीतरी सांगतोच, "हँडल उंच करून घे की!" सल्ला चांगला आहे. फक्त ते चार बोल्टांचे काम आहे असे समजू नका.

मी तसे समजलो होतो. मूळ हँडलपेक्षा चार इंच उंच हँडल आणले आणि मेस्त्रीकडे गाडी सोडून आलो. वायर जुन्याच ठेवल्या, कारण गाडी सरळ उभी असताना त्या पुरत होत्या. पुढच्या रविवारी घाटमाथ्यावर चहा पिऊन गाडी फिरवायला गेलो, हँडल पूर्ण डावीकडे नेले आणि इंजिन आपोआप भरारले. मूठ मी पिळली नव्हती, ताणलेल्या वायरने ती पिळली होती. गाडी समोरून येणाऱ्या बसच्या दिशेने सरकली. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून निभावले.

तेव्हा खरेदीआधी पहिले काम मोजण्याचे. गाडी सपाट जागी सरळ उभी करा, नेहमीसारखे बसा, डोळे मिटा आणि हात आरामात पुढे धरा. तळवे जिथे थांबतील तिथे मुठी हव्यात. कोपर थोडा वाकलेला, खांदे सैल. हे अंतर दुसऱ्याला टेपने मोजायला सांगा. पुष्कळांच्या लक्षात येते की चार इंच नको आहेत, एकच पुरे आहे, आणि तोही वर जितका हवा तितकाच मागे हवा आहे. तसे असेल तर नवे हँडल न घेता क्लॅम्पखाली रायझर बसवून भागते. इंचभर उंचीला बऱ्याच गाड्यांच्या मूळ वायर पुरतात. पुरतात का, हे मात्र बघावेच लागते. मुठी खांद्याच्या वर नेणारे हँडल फोटोत शोभते, पण शंभर किलोमीटरवर हाताला मुंग्या आणते.

हँडल घेताना नळीची जाडी बघा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना २२ मिलिमीटर चालते, काहींना क्लॅम्पपाशी २८.६ मिलिमीटर लागते. शिवाय स्विचच्या डब्यात आत एक छोटी खुंटी असते, ती हँडलच्या भोकात बसते. नव्या हँडलला भोक नसेल तर काही कारागीर खुंटीच घासून टाकतात. तसे करू देऊ नका, डबा जागच्या जागी फिरू लागतो. भोकाची जागा नीट आखून पाडून घ्यावी.

आता वायर. क्लचची एक, ॲक्सिलेटरची एक किंवा दोन. नवे हँडल नुसते क्लॅम्पमध्ये ठेवून, मूळ वायर जिथून जाते त्याच वाटेने सुतळी फिरवा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे न्या. सुतळी सर्वांत जास्त ओढली जाईल ती लांबी धरायची. उगाच फूटभर जास्त लांब वायर घेतली तर तिचा वेटोळा कुठेतरी अडकतो किंवा मोडतो, म्हणून "असू दे जास्त" हेही बरोबर नाही. स्विचच्या तारा हेडलाइटच्या डब्यात किंवा टाकीखाली जोडलेल्या असतात. त्या वाढवायच्या तर नुसत्या पिळून चिकटपट्टी लावू नये. डाग देऊन वर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, आणि सगळे सांधे एकाच जागी येऊ देऊ नयेत, नाहीतर गाठ होते.

सगळ्यांत महत्त्वाचा ब्रेकचा पाइप. क्लचची वायर तुटली तर गाडी ढकलत आणता येते. ब्रेकच्या पाइपचे तसे नाही. हँडल वळवल्यावर तो ताठ होत असेल तर तो बदलायचाच, वाद नाही. इथे आपल्या गावापुरती एक सूचना. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे काम चालते, हवा तसा पाइप प्रेस करून मिळतो, आणि "आमच्या ओळखीचा आहे, करून देईल" हे वाक्य बेळगावात हमखास ऐकू येते. पण कारखान्यातला हायड्रॉलिक पाइप साधारणपणे खनिज तेलासाठी असतो. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचे असते, त्याने त्या पाइपचे आतले रबर फुगते आणि खराब होते. पाइप ब्रेकसाठीच बनवलेला हवा आणि प्रत्येक सांध्याला नवे वॉशर हवेत.

एबीएस असलेल्या गाडीत हँडलवरचा पाइप आधी एबीएसच्या युनिटकडे जातो आणि तिथून दुसरा पाइप चाकाकडे. त्यामुळे बहुधा वरचाच बदलावा लागतो. मात्र युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला कंपनीचे यंत्र लागते. म्हणून हे काम कोण करणार हे पाइप सोडवण्याआधी ठरवा. ब्रेक ऑइल झाकणावर लिहिलेलेच वापरा, बहुधा डॉट ४ असते, आणि बाटली नवी फोडा. उघडून ठेवलेले ऑइल हवेतला ओलावा पिते. टाकीवर जुनी चादर टाकायला विसरू नका, थेंब पडला की रंग गेला. माझ्या टाकीवर अजून एक डाग आहे.

वॉरंटी आणि विमा चालू असेल तर दोन्हीकडे आधी विचारा. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधने घालते, तेव्हा आरटीओतही एक फेरी मारलेली बरी.

सगळे बसले की गाडी मधल्या स्टँडवर घ्या, नसेल तर कोणालातरी धरायला सांगा. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा आणि हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. आवाज जराही चढता कामा नये. मूठ सोडल्यावर दोन्ही टोकांना टचकन मागे आली पाहिजे. मग ब्रेक जोरात दाबून तसाच धरा आणि पाइपच्या सांध्यांवर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.