पंगतीचा फोटो जपून ठेवा

संगमेश्वर तालुक्यात आपल्या कुठल्याही वाडीत जा, माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक सापडेलच. मुंबईला कामाला गेलेल्या आजोबांनी आणलेली. तिच्या तळाशी कागदांखाली जुने फोटो असतात. लग्न, नामकरण, जेवणाची पंगत. कोकणच्या पावसाने ओल धरलेले, एकमेकांना चिकटलेले. आपण म्हणतो, याला काय किंमत?

किंमत आहे. १९९० साली पुण्यात जन्मलेल्या कलावंत राज्यश्री गुडी यांनी आईकडच्या नातलगांचे असेच खाण्यापिण्याचे फोटो कलाप्रदर्शनात मांडले. ज्यांच्या वाडवडिलांच्या पदरात गावाने शिळे-उष्टे टाकले, ती माणसे आपल्या घरी, आपल्या पैशाने, हसत जेवत आहेत. असा फोटो म्हणजे माणूसपणाचा पुरावाच. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या ऊर्मिला पवार यांनीही ‘आयदान’मध्ये आईचे बुरूडकाम आणि घरातली उपासमार लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला कळते.

गुडी यांनी दलित आत्मकथनांतल्या अन्नाच्या आठवणी पाककृतींच्या रूपात मांडून पुस्तिका केल्या. त्या मातीकाम करतात, फोटोही वापरतात. मनुस्मृतीच्या प्रतींचा लगदा करून त्यांनी वस्तू घडवल्या. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ज्या ग्रंथाचे दहन झाले, तोच हा ग्रंथ. त्याच वर्षी २० मार्चला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तर सनातन्यांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे ‘शुद्ध’ केले. हा इतिहास पुस्तकात आला. आपल्या घरचा इतिहास मात्र ट्रंकेतच राहिला.

आमच्या घरच्या एका फोटोत आजीशेजारी एक बाई बसली आहे. ती कोण, हे फक्त आत्याला ठाऊक होते. आत्या गेली. आता त्या बाईला नाव नाही.

म्हणून बंधुभगिनींनो, येत्या रविवारी वंदनेनंतर आपापले फोटो विहारात आणा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि फोटोमागे हलक्या हाताने पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. दारातल्या उजेडात मुलांकडून मोबाईलवर त्यांच्या प्रती काढून घ्या आणि दोन-तीन घरांत ठेवा. कलावंत प्रत्येक घरात जन्मत नाही, पण आपल्या माणसांची नावे जपणे प्रत्येक घराला जमेल.